आधी म्हैसमाळ, मग गौताळा

पत्र

मी ४३ वर्षांची आहे. छत्रपती संभाजीनगरात सिडकोत राहते, एका खासगी दवाखान्यात सिस्टर आहे. वर्षभरापासून सायकल चालवते. आधी मुलाची जुनी होती, आता सेकंडहँड रोड सायकल घेतली आहे, बारीक टायरची. जालना रोडवर पहाटे तीस-चाळीस किलोमीटर सहज होतात. पण गेल्या महिन्यात एक डंपर इतक्या जवळून गेला की हँडल हललं. तेव्हापासून त्या रस्त्यावर जायला मन होत नाही. मला डोंगरातल्या, झाडीतल्या शांत रस्त्यांवर जायचंय. म्हैसमाळचं पठार आणि गौताळ्याचं अभयारण्य मनात आहेत. मिस्टर म्हणतात, जंगलात एकटी बाई, बिबट्या आहे, रेंज नाही. सासूबाई म्हणतात, या वयात घाट कशाला. भाचा म्हणतो, आधी कार्बनची सायकल घे. मी एकटीने जावं का? ही सायकल चालेल का? आणि ते तंग कपडे घालावेच लागतात का?

— एक सिस्टर, सिडको

उत्तर

ताई,

जा. जरूर जा. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच सूचना करणार आहे आणि त्या वाचून तुम्ही बेत रद्द केलात तर मला फार वाईट वाटेल. वर्षभर नेमाने चाळीस किलोमीटर चालवणाऱ्या बाईला घाट जड नाही. आणि जालना रोड सोडायचा तुमचा विचार अगदी बरोबर आहे. चिकलठाणा आणि शेंद्रा एमआयडीसीची सगळी अवजड वाहतूक ज्या रस्त्यावरून जाते, तिथे सायकलस्वाराने कितीही काळजी घेतली तरी निम्मा जीव दुसऱ्याच्या हातात असतो. हँडल हलल्यावर मन बिचकलं, त्याला भित्रेपणा समजू नका.

मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. ज्या रस्त्यावर डंपर नाही, तिथे पंक्चर काढणारा नाही, रिक्षा नाही आणि पडलात तर उचलायला लगेच कुणी नाही. तुमच्या घरचे बिबट्याला घाबरतात. मला काळजी वाटते ती उताराची, दुपारच्या उन्हाची आणि पंक्चर झालेल्या टायरची. या तिन्हींचा बंदोबस्त करता येतो, म्हणूनच मी जा म्हणते.

आता रस्त्यांचं. म्हैसमाळ आणि गौताळा ही नावं तुम्ही जोडीने घेतलीत, पण सायकलसाठी हे दोन रस्ते एकमेकांच्या उलटे आहेत. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर आहे आणि म्हैसमाळचं पठार १,०५० मीटरच्या वर. म्हणजे जाताना चढ, येताना उतार. पाय ताजे असतात तेव्हा कष्ट होतात आणि दमल्यावर घराकडे रस्ता खाली येतो. काही बिनसलं तरी उतारावरून हळूहळू घसरत खुलताबादपर्यंत येता येतं. गौताळ्याचं तसं नाही. तिथे सातमाळ्याची रांग संपते आणि पठाराची कड खाली खानदेशात कोसळते. आपण मराठवाड्याच्या बाजूने जातो तेव्हा आधीच वर असतो. कन्नडहून नागदच्या बाजूला सायकल सोडली की झाडीतून सुरेख उतार लागतो, मजा वाटते, आणि मग लक्षात येतं की जेवढं उतरलो तेवढं सगळं परत चढायचंय, तेही अकरा-बाराच्या उन्हात, निम्मं पाणी संपल्यावर. अजिंठ्याच्या घाटात फर्दापूरकडे उतरलात तरी हाच हिशोब. म्हणून म्हणते, आधी म्हैसमाळ. ते दोन-चार वेळा नीट झालं की मग गौताळा.

म्हैसमाळचा रस्ता तुम्हाला माहीत असेलच, पण गाडीत बसून पाहिलेला रस्ता आणि सायकलवरचा रस्ता यात फरक पडतो. पडेगाव, मिटमिटा, शरणापूर, दौलताबाद, मग घाट, कागजीपुरा, खुलताबाद आणि तिथून उजवीकडे साधारण बारा किलोमीटर म्हैसमाळ. एकूण एका बाजूने चाळीसच्या आसपास. यातला खुलताबादपर्यंतचा भाग शांत नाही. वेरूळला जाणारी पर्यटकांची वर्दळ तिथूनच जाते, आणि दौलताबादच्या तटबंदीतल्या जुन्या दिल्ली दरवाजापाशी रस्ता एकदम आवळतो. तिथे बस किंवा ट्रक येताना दिसला तर खाली उतरून बाजूला उभं राहायचं आणि त्याला जाऊ द्यायचं.

तुमची नोकरी शिफ्टची, साप्ताहिक सुटी कोणत्याही वारी येत असणार. इथे तुमचं नशीब चांगलं आहे, कारण मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात आणि त्या दिवशी हा रस्ता बराच मोकळा मिळतो. मंगळवारची सुटी मागून घ्या. शनिवार-रविवार टाळा. श्रावणात तर शुक्रवारी रात्रीपासून भद्रा मारुतीला पायी जाणाऱ्यांनी रस्ता भरलेला असतो आणि सोमवारी घृष्णेश्वराची गर्दी असते. भाविक चालत असताना मधून सायकल काढणं त्यांनाही त्रासाचं आणि आपल्यालाही. आणि नाईट ड्युटी करून थेट सायकलवर बसू नका. चढ जागरणावर निघून जाईल, उतार नाही निघणार.

ऋतूचं जरा सविस्तर सांगते, कारण आपल्याकडे "जंगलातला रस्ता" म्हटलं की लोक सावली गृहीत धरतात. आपलं जंगल पानगळीचं आहे. साग, पळस, सालई, धावडा. फेब्रुवारीपासून पानं गळायला लागतात आणि एप्रिलमध्ये गौताळ्यात गेलात तर दोन्ही बाजूंना नुसत्या काड्या उभ्या असतात, डांबर तापलेलं असतं आणि डोकं टेकायला सावली शोधावी लागते. पळस फुललेला पाहायचा असेल तर मार्चच्या सुरुवातीला जा, पण नऊच्या आत परत फिरा. खरा हंगाम पाऊस ओसरल्यापासून माघापर्यंत. भर पावसात म्हैसमाळ फार सुंदर दिसतं, पण ढग उतरले की वीस पावलांवरची गाडी दिसत नाही. पहिली फेरी तरी पावसात नको.

हंगाम चांगला म्हणून रस्ता निर्धोक होतो असंही नाही. दिवाळीच्या आगेमागे खुलताबाद, कन्नड, सिल्लोड भागातल्या आडरस्त्यांवर मका वाळत घातलेला असतो. अर्धा रस्ता पिवळा झालेला आणि त्याच्या कडेने गाड्या वरून जाऊ नयेत म्हणून डोक्याएवढे दगड मांडून ठेवलेले. मका उचलला जातो, पण दोन-चार दगड तिथेच राहतात. वळण घेऊन तुम्ही उतारावरून येता आणि समोर दगड. सुट्या दाण्यांवर बारीक टायर असा सरकतो की ब्रेक दाबायचीही सोय नसते. त्यामुळे या दिवसांत वळणापलीकडे काहीतरी पसरलेलं आहे असं धरूनच चालवायचं. शेतकऱ्यावर चिडू नका. त्याच्याकडे खळं करायला जागा नाही आणि डांबरावर दोन दिवसांत माल वाळतो. पुढे कारखाने सुरू झाले की उसाच्या जोड-ट्रॉल्या येतात. मागे दिवा नसतो, ऊस बाहेर आलेले असतात आणि चढावर ट्रॅक्टरचं पुढचं चाक उचलतं. ट्रॉलीच्या मागे मागे चढू नका. थांबा, पाणी प्या, तिला लांब जाऊ द्या.

आता उतार. इथे मी सगळ्यात जास्त जीव तोडून सांगणार आहे. सायकल ताशी चाळीसने सुटली की सेकंदाला अकरा मीटर जाते. समोर काही दिसलं, मेंदूला कळलं, बोटं दाबली गेली, तोवर एका बसच्या लांबीइतकं अंतर गेलेलं असतं आणि थांबणं अजून सुरूच व्हायचं असतं. वेग वळणाच्या आधी, सायकल सरळ असतानाच कमी करायचा. वळणात शिरल्यावर पुढचा ब्रेक आवळला की चाक निसटतं. दोन्ही ब्रेक वापरायचे, नुसता मागचा दाबून काम भागत नाही, कारण थांबवण्याची खरी ताकद पुढच्यात असते. हात हँडलच्या खालच्या वाकात, वजन थोडं मागे, आणि वळणात आतल्या बाजूचं पेडल वर. तुमच्या सेकंडहँड सायकलला रिमवर दाबणारे ब्रेक असणार. ते सतत धरून ठेवले की रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते, म्हणून दाबा-सोडा, दाबा-सोडा. रिम ओली असेल तर पहिले काही क्षण ब्रेक लागतच नाही असं वाटतं. कानात इअरफोन अजिबात नको. घाटात मागून येणारी गाडी आधी ऐकू येते आणि मग दिसते.

उतारावर जनावरांचीही गाठ पडते. एक रोही, म्हणजे नीलगाय, रस्ता ओलांडून गेला म्हणजे रस्ता मोकळा झाला असं समजू नका, त्याच्यामागे दुसरा असतोच. माकडांसमोर पिशवी उघडू नका. वस्तीवरची किंवा मेंढ्यांमागची कुत्री धावून आली तर जोरात पळवू नका, उतरा, सायकल मधे धरा आणि बोलत बोलत चालत पुढे जा. बहुतेक कुत्री आपली हद्द संपली की थांबतात.

बिबट्याचं विचारलंत. गौताळा-औट्रमघाट अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झालं, साधारण २६० चौरस किलोमीटरचं आहे आणि तिथे बिबट्या आहे, रानडुक्कर आहे, अस्वल आहे. २०२१ मध्ये तर विदर्भातल्या टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ चालत चालत तिथे पोहोचला होता. तेव्हा जंगल रिकामं आहे असं खोटं सांगून मी तुमच्या मिस्टरांची समजूत काढणार नाही. पण बिबट्या संध्याकाळनंतर आणि पहाटे अंधारात फिरतो. सूर्य उगवल्यावर आत शिरायचं आणि मावळायच्या बरंच आधी बाहेर पडायचं, इतकं पाळलं तर गाठ पडायचा संभव फार कमी. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या आत मावळतो, तेव्हा जालना रोडवर जसं पाचला निघता तसं इथे चालणार नाही. झुडपाआड वाकून बसू नका. आंधळ्या वळणावर घंटी वाजवा, ती अस्वलाला दचकू न देण्यासाठी. दिसलाच बिबट्या, तर पाठ फिरवून पळायचं नाही. उभं राहायचं, सायकल पुढे धरायची, हळू मागे सरकायचं.

अभयारण्यातून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्यावरून जायला वन्यजीव संरक्षण कायद्याची आडकाठी नाही. पण त्या रस्त्यावरून आत फुटणाऱ्या वाटांना वनखात्याची परवानगी लागते, म्हणून नाक्यावर थांबून विचारा आणि नाव नोंदवा. शहरातून कन्नडपर्यंतचे साठ किलोमीटर महामार्गावरून सायकल चालवत जाऊ नका. सायकल गाडीत टाकून कन्नडपर्यंत न्या आणि तिथून सुरू करा. चाळीसगावकडे उतरणारा कन्नडचा मोठा घाट, ज्याला जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचं नाव पडलंय, तो तर यादीतूनच काढा. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस तिथे दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता, आणि २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अवजड वाहनांना तो घाट बंद केला. बाकीची वाहतूकही काही थोडीथोडकी नाही. तुम्हाला शांत रस्ता हवाय आणि तो रस्ता शांत नाही.

एकटीने जावं का? म्हैसमाळला मंगळवारी सकाळी, हो. गौताळ्यात, निदान पहिल्या काही वेळा, नाही. मात्र सोबत अशी निवडा जी तुमच्या वेगाने चालेल. पुढे निघून जाऊन वळणावर वाट बघणारी सोबत उतारावर काही कामाची नसते. आणि मिस्टरांना विरोधक करू नका. पुढच्या सुटीला दोघं मोटरसायकलवरून जाऊन या. कुठे हापसा आहे, कुठे टपरी आहे, टायरचं शेवटचं दुकान कोणतं, मोबाइलची रेंज कुठे जाते, सगळं त्यांनाच लिहून घ्यायला सांगा. ज्या माणसाने तो रस्ता डोळ्यांनी पाहिलाय, त्याला घरी बसून कमी भीती वाटते. निघताना त्यांना परतायची वेळ सांगा, आणि त्या वेळेनंतर एक तास झाला तर त्यांनी काय करायचं तेही ठरवून ठेवा. ११२, रुग्णवाहिकेचा १०८ आणि वनखात्याचा १९२६ हे नंबर फोनमध्ये आणि कागदावरही असू द्या.

चहा मात्र चढतानाच घ्या, उतरताना नाही. टपरीवाल्याला सांगा, "दादा, म्हैसमाळला चालले, अकरापर्यंत परत येते." आपल्याकडची माणसं हे विसरत नाहीत. अकराचे बारा झाले तर तो वर जाणाऱ्या कुणाला तरी हटकून विचारेल. दोन-चार फेऱ्यांत तुम्ही त्या रस्त्यावरच्या ओळखीच्या सिस्टर होता, गुराख्यांनाही. बाईला आडरस्त्यावर याहून मोठा आधार मला माहीत नाही.

पाण्याचं तुम्हाला काय शिकवायचं, पण एक गोष्ट बायका कुणाला सांगत नाहीत म्हणून मी लिहिते. वाटेत जायची सोय नाही म्हणून आपण पाणीच पीत नाही. ड्युटीवरही तुम्ही हेच करत असाल. सायकलवर हे महागात पडतं, आधी डोकं जड होतं आणि मग उतारावर हात चुकतो. घाटाआधीचा पेट्रोल पंप, खुलताबादचा एसटी स्टँड, म्हैसमाळवरची हॉटेलं, अशा जागा त्या मोटरसायकलच्या फेरीतच बघून ठेवा. तासाला अर्धा ते पाऊण लीटर पाणी पोटात गेलंच पाहिजे, एका बाटलीत साधं आणि दुसरीत ओआरएस. सोबत केळी, गूळ-शेंगदाणे. भूक लागण्याआधी खा. ऑक्टोबरात दौलताबादच्या रस्त्यावर सीताफळांच्या टोपल्या लागतात. ती परतताना घ्या.

भाच्याला सांगा, कार्बनची गरज नाही. तुमच्या सायकलच्या मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीचे दात मोजा. २८ च्या खाली असतील तर मागची कॅसेट, म्हणजे चकत्यांचा संच, बदलून ३२ दातांची बसते का ते मेकॅनिकला विचारा, डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, तेवढी पेलतो का हेही त्यानेच बघायचं. चार किलो हलक्या सायकलपेक्षा हे चार दात घाटात जास्त कामाला येतात, शिवाय खर्च फार कमी. पुढे लहान चकती, मागे मोठी, आणि बोलता येईल इतक्याच दमाने चढायचं. टायर फ्रेममध्ये बसत असेल तर २८ मिलिमीटरचा घ्या. आणि त्यावर छापलेला हवेचा आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी ठासून भरू नका. आपल्या रस्त्यांवर थोडी कमी हवा बरी.

आणि सराटे. डांबराच्या कडेला, जिथे आपण फोटो काढायला सायकल उतरवतो, नेमके तिथेच सराट्याचे वेल पसरलेले असतात. टायरला चिकटलेला सराटा दिसतो, पण त्याचा एखादा काटा मोडून रबरात राहतो आणि चार-पाच किलोमीटरवर हवा बसते. सायकल कडेला ढकलत नेऊ नका, उचलून न्या. परत रस्त्यावर आलात की टायर फिरवून बघा. पंक्चर झालंच तर नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून कापडाचा तुकडा फिरवा. तो जिथे अडकेल तिथे काटा आहे. तो काढला नाही तर नवी ट्यूबही पाच मिनिटांत जाते. सोबत दोन ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर आणि लहान पंप ठेवा. आणि हे काम घरी गॅलरीत बसून, मदतीशिवाय, निदान दोनदा करून बघितल्याखेरीज खुलताबादच्या पुढे जाऊ नका.

हे वाचणाऱ्या नांदेडच्या मंडळींनी किनवट ते माहूर हा सागाच्या जंगलातला रस्ता बघावा. किनवटला रेल्वे जाते, फक्त सायकल न्यायची सोय त्या गाडीत आहे का ते पार्सल ऑफिसात आधी विचारा. बीडकरांना पाटोद्याकडून सौताड्याच्या धबधब्याची बाजू आहे. धाराशिवला येडशी-रामलिंगचं अभयारण्य लहान असलं तरी फार देखणं आहे, फक्त तिथल्या महामार्गावर रेंगाळू नका.

ताई, कपड्यांचं. तंग कपडे सक्तीचे नाहीत. पॅड असलेली शॉर्ट आतून घाला, कारण तीन-चार तास बसायचं म्हणजे कातडी सोलवटते, आणि त्यावरून साधी ट्रॅकपँट किंवा कुर्ता घाला. उजव्या पायाचा कपडा चेनमध्ये जातो, तिथे रबर लावा. ओढणी घरी ठेवा. हेल्मेट, भडक रंगाचा टीशर्ट आणि मागे दिवसाही लुकलुकणारा लाल दिवा, यात मात्र तडजोड नाही.

सासूबाईंना एवढंच म्हणा की पहिल्या दिवशी खुलताबादपर्यंतच जाणार आहे. आणि खरंच तेवढंच जा. दौलताबादचा घाट एकदा चढून, एकदा उतरून घरी या. दुसऱ्या दिवशी मांड्या कशा आहेत ते बघा, आणि ब्रेकची रबरं किती झिजली तेही. त्यांच्यावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या असतील तर म्हैसमाळच्या आधी ती बदलून घ्या.